धरणी हालली तेव्हा : दुःखातून देव चांगले कसे घडवितो

शास्त्रपाठ : उत्पत्ति ५०:१५–२१. जोडीस वाचावे : उत्पत्ति ४७:१३–२५, लूक १३:१–५, प्रेषितांची कृत्ये १६:१९–३४.

पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी या तालुक्यांत ११ नोव्हेंबर २०१८ पासून धरणी हालू लागली. एक मोठा धक्का बसून सर्व संपले असते तर लोकांनी रडून, डोळे पुसून पुन्हा घरे उभी केली असती. परंतु हे धक्के लहान होते, पुष्कळ होते, आणि ते थांबेनात. धुंदलवाडी व तिच्या भोवतालच्या पाड्यांत आधी जमिनीच्या पोटातून गडगड असा आवाज उठे आणि मग फडताळावरची भांडी वाजू लागत. १ फेब्रुवारी २०१९ रोजी तर एकाच दिवसात लागोपाठ धक्के बसले व त्यांतील मोठा ४.१ इतक्या तीव्रतेचा होता. त्या दिवशी हळदपाडा येथे घराबाहेर पळण्याच्या गडबडीत पडून, डोक्यास मार लागून दोन वर्षांची एक बालिका मरण पावली. घरात निजण्याची सोय राहिली नाही. ऐन थंडीत मुलेबाळे, म्हातारीकोतारी माणसे तंबूत निजू लागली, आणि काही ठिकाणी शाळेचे वर्गही उघड्यावर भरू लागले.

हैदराबाद येथील राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेचे व दिल्ली येथील राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राचे विद्वान यंत्रे घेऊन आले. आपल्या पायाखालच्या काळ्या पाषाणात भेगा आहेत आणि हालचाल थोड्याच खोलीवर होत आहे, म्हणून धक्का लहान असूनही मोठा भासतो, असा उलगडा त्यांनी केला. पावसाचे पाणी भेगांत झिरपून तेथील दाब वाढतो व त्यामुळे खडक सरकतो, असेही त्यांच्यापैकी काहींचे मत पडले. पुढील काही वर्षे हे धक्के अधूनमधून येत राहिले. भूमी का हालते याचे उत्तर अशा रीतीने बरेचसे मिळाले. परंतु तंबूत रात्र काढणारे मनुष्य जे विचारते ते भूमीविषयी नसते. "आमच्याच वाट्याला का?" असे ते विचारते. आणि हा प्रश्न उपदेशकाच्या दाराशी येतो, संशोधकाच्या दाराशी नाही.

या प्रश्नाची दोन उत्तरे गावोगाव तयार असतात. पहिले असे की कोणीतरी पाप केले, धरतरी कोपली, जुनी रीत सोडली त्याचे हे फळ. ख्रिस्ती म्हणविणारे लोकही हेच बोलतात, केवळ धरतरीच्या जागी देवाचे नाव घालतात. या उत्तरास प्रभु येशूने फार दिवसांपूर्वी निकालात काढले आहे. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, तेव्हा ती यरुशलेमेतील इतर सर्वांहून अधिक पापी होती असे समजू नका, असे त्याने स्पष्ट सांगितले. ज्यांच्यावर भिंत पडली त्यांचा हिशेब भिंतीवरून करू नये. हळदपाड्याच्या त्या बाळाने कोणते पाप केले होते? या उत्तरावर अधिक शब्द खर्चण्याचे कारण नाही.

दुसरे उत्तर मात्र गोड आहे, आणि म्हणून अधिक जपावे लागते. ते असे : "देव जे करतो ते भल्यासाठीच करतो; यातूनही काही चांगले निघेल." हे बोलणारे बहुधा भले लोक असतात व शास्त्राचा आधारही देतात. योसेफाची गोष्ट सांगतात, रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातील अठ्ठाविसावे वचन सांगतात. दोन्ही खरी आहेत. प्रश्न इतकाच की ती कोणी, कोणास व केव्हा सांगावी. म्हणून योसेफाची गोष्ट आपण या वेळी सावकाश, हिशेब करीत वाचू.

योसेफ सतरा वर्षांचा होता तेव्हा त्याच्या भावांनी त्यास खड्ड्यात टाकिले व वीस रुपयांस विकिले. फारोपुढे तो उभा राहिला तेव्हा तो तीस वर्षांचा होता. या मधल्या तेरा वर्षांत त्याने गुलामी पाहिली, खोटा आळ पाहिला, बंदिवास पाहिला, आणि ज्या प्यालेबरदारावर त्याने उपकार केले तो त्यास पुरी दोन वर्षे विसरून गेला हेही पाहिले. पुढे सुकाळाची सात वर्षे गेली, दुष्काळाची दोन गेली, आणि तेव्हा कोठे त्याने भावांस ओळख दिली. म्हणजे खड्ड्यापासून तेथवर बावीस वर्षे झाली. तेवढा काळ कनानात एक म्हातारा बाप रक्ताने माखलेल्या अंगरख्यास धरून रडत होता, हे आपण बहुधा विसरतो. नंतर याकोब मिसरात सतरा वर्षे जगला, मेला, पुरला गेला, आणि मग पन्नासाव्या अध्यायातील ते शब्द आले : भावांनी वाइटाची योजना केली, देवाने त्याच गोष्टीत चांगल्याची योजना केली, पुष्कळांचे प्राण वाचावे म्हणून.

तर खड्ड्यापासून या वाक्यापर्यंत सुमारे एकोणचाळीस वर्षांचे अंतर आहे. ते वाक्य कोणी उच्चारिले हेही पाहा. ज्याने सोसले त्याने. भावांनी नव्हे. खड्ड्याच्या काठावर भाकर खात बसलेल्या यहूदाने खाली ओरडून म्हटले असते की, "भाऊ, रडू नकोस, देव यातून चांगलेच करील," तर त्या शब्दांत खोटे काही नव्हते, तरी ते बोलणे घोर दुष्टपणाचे झाले असते. तेच सत्य योसेफाच्या तोंडी क्षमा होते आणि भावांच्या तोंडी पळवाट. आणखी असे की योसेफाने भावांच्या कृत्यास चांगले म्हटले नाही. एकाच वाक्यात त्याने दोन योजना शेजारीशेजारी ठेविल्या. भावांची ती वाईटच राहिली, देवाची चांगली. दुसरीने पहिलीस धुऊन स्वच्छ केले नाही. देव वाइटातून चांगले काढतो याचा अर्थ वाईट हे झाकलेले चांगले आहे असा नव्हे. ज्वारीच्या खळ्यावर भुसा व दाणा वेगळे होतात, पण म्हणून कोणी भुशास दाणा म्हणत नाही.

आता त्याच ग्रंथातील सत्तेचाळिसावा अध्याय उघडा. शनिवारच्या शाळेत तो क्वचितच शिकविला जातो, आणि डहाणू-तलासरीच्या मंडळ्यांनी तर तो अवश्य वाचावा. ज्या धान्याने पुष्कळांचे प्राण वाचले तेच धान्य योसेफाने लोकांस विकत दिले. पहिल्याने त्यांचा पैसा संपला. मग गुरेढोरे गेली. मग त्यांनी शेते दिली, आणि शेवटी स्वतःस फारोचे दास म्हणून लिहून दिले. पोटास धान्य मिळाले, जीव वाचला, आणि जमीन व स्वातंत्र्य गेले.

ही गोष्ट वारली मनुष्यास कोणी समजावून द्यावी लागत नाही. त्याच्या आजोबांची गोष्ट हीच होती. पावसाळ्यात घरातील दाणा संपला की सावकाराकडून खावटी आणावयाची. सुगीत ती वाढवून फेडावयाची. न फिटली तर जमिनीचा तुकडा द्यावयाचा. लग्नास पैसे काढिले तर तो माणूस बायकोसह सावकाराच्या घरी राबे, आणि त्यास लग्नगडी हेच नाव पडे. ज्या रानात पूर्वज स्वतःचे भात पिकवीत तेथेच नातू वेठीस धरला जाऊ लागला. दुष्काळातून धान्य ही देवाची देणगी. त्या धान्याच्या आडून दुसऱ्याचे शेत लिहून घेणे हे मनुष्याचे काम. देवाने घडविलेल्या चांगल्यावरही मनुष्य आपला हात मारतो, हे शास्त्राने लपविले नाही, आणि म्हणूनच त्याच्यावर विश्वास ठेवावासा वाटतो.

पुढे काय झाले हे वृद्धांस ठाऊक आहे, तरुणांस सांगितले पाहिजे. २३ मे १९४५ रोजी झरी या गावी, जे तेव्हा उंबरगाव तालुक्यात मोडत असे, किसान सभेच्या परिषदेस हजारो वारली जमले. दिवसाला १२ आणे रोख मजुरी मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या शेतावर कामास जावयाचे नाही व वेठ करावयाची नाही, असा निश्चय त्यांनी केला. शामराव व गोदावरी परुळेकर हे दांपत्य त्यांच्या पाठीशी होते. त्याच वर्षी गवतकापणीच्या मजुरीचा लढा चालू असता १० ऑक्टोबरला तलवाडा येथे जमावावर गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मेले. वेठ व लग्नगड्याची चाल त्या चळवळीने मोडून काढिली. गोदावरीबाईंनी ही हकीकत 'जेव्हा माणूस जागा होतो' या ग्रंथात लिहिली. तो १९७० साली निघाला व १९७२ साली त्यास साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले.

कोणी म्हणेल, ही चळवळ तर कम्युनिस्टांची, तिचा ख्रिस्ती पाठाशी संबंध काय? यशया ४५ मध्ये परमेश्वर कोरेश राजास आपला अभिषिक्त म्हणतो, आणि लगेच सांगतो की तू मला ओळखत नव्हतास. बंदिवान घरी परतावे म्हणून देवाने न ओळखणाऱ्याचा हात वापरिला. देव आपले चांगले काम केवळ मंडळीच्या दारातून आत आणतो असे शास्त्रात कोठेही लिहिलेले नाही. आणि तलवाड्याचे पाच जण मेले ते चांगले झाले, असेही कोणी म्हणू नये. त्यांच्या बायकांच्या वाट्यास जे आले ते वाईटच होते. त्यांच्या मरणानंतर मागे राहिलेले लोक पळून न जाता उभे राहिले, हे चांगले.

आपल्या भागातील मंडळ्यांचा इतिहासही अशाच दुःखात रुजलेला आहे. अमेरिकेतील चर्च ऑफ द ब्रदरन या मंडळीचे विल्बर स्टोव्हर, त्यांची पत्नी मेरी व कुमारी बर्था रायन हे १८९४ साली या देशात आले व त्यांनी वलसाड येथे ठाणे केले. पाच वर्षे गेली नाहीत तोच १८९९–१९०० चा तो भयंकर दुष्काळ आला. संवत १९५६ वरून गुजरातेत त्यास छप्पनिया म्हणत. रस्त्याकडेस टाकलेली, आईबाप मेलेली शेकडो मुले मिशनच्या पदरात आली. त्यांतूनच वाढून पुढे शिक्षक झाले, उपदेशक झाले, गृहिणी झाल्या. थोड्याच वर्षांत डहाणूसही ठाणे झाले, आणि तेथील मिशनच्या दवाखान्यात रोग्यांची शुश्रूषा होऊ लागली. १९७० साली ही मंडळी चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये मिळाली. आता एखाद्या सणाच्या दिवशी व्यासपीठावरून कोणी म्हणतो की देवाने दुष्काळ पाठविला म्हणून मंडळी उभी राहिली. हे वाक्य मला कानास खटकते. त्या मुलांची आईबापे देवाची लेकरे नव्हती काय? देवाने मंडळी बांधण्यास मुले पोरकी केली नाहीत. पोरकी झालेली मुले त्याने टाकून दिली नाहीत. या दोन वाक्यांत थोडासाच फरक दिसतो, पण पहिल्याने देवाची निंदा होते.

पंडिता रमाबाईंचे चरित्र येथे आठवते. १८७४ च्या सुमारास, त्या सोळा वर्षांच्या असता, उपासमारीत त्यांचे आईबाप व थोरली बहीण थोड्याच काळात गेली. भावासह त्या अनवाणी, उपाशी देशभर भटकल्या. १८८० साली तो भाऊही गेला. लग्नास पुरी दोन वर्षे होण्यापूर्वीच, १८८२ साली, पती पटकीने गेले व कडेवर मुलगी राहिली. १८९६–९७ साली मध्यप्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः तेथे गेल्या व केडगावी शेकडो मुलींस घेऊन आल्या. १९०० साली गुजरातच्या मुलींसही त्यांनी आसरा दिला. भुकेले लेकरू कसे दिसते व मदत करणाऱ्याच्या रूपाने येणारा लांडगा कसा दिसतो, हे दोन्ही त्यांस कोणत्याही पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. त्यांचे दुःख वाया गेले नाही, हे खरे. परंतु गोष्ट येथेच थांबवू नये. १९२१ साली त्यांची एकुलती कन्या मनोरमा, जिच्या हाती सर्व कार्य सोपवावयाचे होते, तीच मरण पावली. त्यानंतर रमाबाई एक वर्षही जगल्या नाहीत. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या. मनोरमेच्या मरणातून अमुक चांगले निघाले असे बोट दाखवून सांगता येत नाही. रमाबाईंनीही तसे सांगण्याची घाई केली नाही. त्या शेवटपर्यंत शास्त्राच्या मराठी भाषांतराचे काम करीत राहिल्या. काही दुःखांचा जमाखर्च या जगात मिळत नाही, आणि तो ओढूनताणून जुळविणाऱ्यापेक्षा न जुळविणारा अधिक विश्वासू असू शकतो.

रोमकरांस पत्रातील वचन वाचतानाही हे ध्यानात ठेवावे. सर्व गोष्टी मिळून कल्याणास होतात असे पौल म्हणतो तेव्हा कल्याण म्हणजे काय हे पुढच्याच वचनात, एकोणतिसाव्यात, तो सांगतो : देवाच्या पुत्रासारखे होणे. गेलेले घर दुप्पट मोठे होऊन मिळेल, असे तो म्हणत नाही. आणि त्याच अध्यायात, थोडे वर, सारी सृष्टी वेणा देणाऱ्या स्त्रीप्रमाणे कण्हत आहे असे आहे. धुंदलवाडीच्या ज्या माणसाने रात्री जमिनीचे कण्हणे ऐकले त्यास हे वचन मुंबईच्या वाचकापेक्षा लवकर कळेल.

तंबूंविषयी एक गोष्ट सांगावयाची राहिली. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे, चार वाजण्याच्या सुमारास, किल्लारी व आसपासची गावे भूकंपाने पडली. आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. त्यांतील बहुतेकांचा जीव भूमीने नव्हे, घरांनी घेतला. जाड दगडमातीच्या भिंती व माळवदाचे ओझे निजलेल्या लोकांवर कोसळले. त्यानंतर १९९९ साली ओडिशात वादळ झाले, २६ जानेवारी २००१ रोजी भूज पडले, २६ डिसेंबर २००४ रोजी समुद्र किनाऱ्यावर चढला. या सर्व मरणांनंतर देशाने २००५ साली आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा केला, व त्यान्वये राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल उभे राहिले. २०१९ च्या थंडीत आपल्या पाड्यांवर तंबू ठोकण्यास जे जवान आले ते याच दलाचे. म्हणजे तलासरीची मुले ज्या कापडाखाली निजली ते कापड, एका अर्थी, किल्लारीच्या व भूजच्या मृतांनी ठेवून दिलेले होते. त्यांनी ते हेतुपूर्वक दिले नाही, आणि त्यासाठी ते मेले असेही नाही. मागे राहिलेल्यांनी त्यांचे मरण विसरण्याचे नाकारले, म्हणून ते कापड झाले. देवाच्या कृपेची चाल पुष्कळदा अशीच असते असे मला वाटते. ती अंगणात एकाएकी उतरत नाही, कोणाच्या तरी रडण्यातून, विचारातून, हातातून फिरत फिरत येते.

किल्लारीवरून घरांविषयीही शिकावे. कारवीच्या कुडाचे, मातीने लिंपलेले जुने घर हलके असते. ते हालते, वाकते, पण सहसा जीव घेत नाही. पक्के घर बांधावयाचे असेल त्याने पाया, कोपरे व छतालगतचा पट्टा यांत लोखंड घालून बांधावे, जड दगड मातीत रचू नये, आणि निजण्याच्या जागी डोक्यावर ओझे ठेवू नये. उपदेशक बंधूंनी हे उपासनेनंतर सांगण्यास संकोचू नये. प्रार्थना करून कच्च्या भिंतीखाली निजणे हा विश्वास नव्हे.

आता भेटीस जाणाऱ्यांसाठी थोडे. ईयोबाचे तीन मित्र आले तेव्हा ते सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ भूमीवर मुकाट्याने बसले. तोवर त्यांचे सर्व ठीक होते. तोंड उघडले आणि ते बिघडले, व शेवटी देवाने त्यांस सांगितले की तुम्ही मजविषयी नीट बोलला नाही. ईयोबास सर्व परत मिळाल्यानंतरची एक गोष्ट लोक वाचताना ओलांडून जातात. त्याची गुरे दुप्पट झाली. मुले मात्र पूर्वी होती तितकीच, सात पुत्र व तीन कन्या, झाली. गेलेल्या दहांच्या जागी गेलेली दहा परत आली नाहीत. आणि त्याचे भाऊबंद, ओळखीचे लोक, त्याचे बरे दिवस आल्यावरही, त्याच्या घरी आले, त्याच्याबरोबर जेवले, त्याचे सांत्वन केले, आणि प्रत्येकाने त्यास एकेक नाणे व सोन्याची एकेक अंगठी दिली. ज्या घरातून लेकरू गेले त्या घरी पहिल्या आठवड्यात सर्व जातात. वर्षाने, दोन वर्षांनी, भात झोडून झाल्यावर कोण जातो? तेव्हा जावे. मूल गेलेल्या आईपुढे योसेफाची गोष्ट काढू नये. ती स्वतः काढील त्या दिवशी ऐकावी.

शेवटी पौल व सीला यांचा भूकंप. फिलिप्पै येथे त्यांस फटके मारून आतल्या बंदिशाळेत घातले, पाय खोड्यात अडकविले. मध्यरात्री पाया हालला, दारे उघडली, सर्वांची बंधने सुटली. ज्याने त्यांचे पाय खोड्यात घातले होते तो नाईक, कैदी पळाले असे समजून, तलवार उपसून जीव देऊ लागला. पौलास त्या वेळी बाहेर पडणे सोपे होते. तो आतूनच मोठ्याने ओरडला की आपणास काही अपाय करून घेऊ नको, आम्ही सर्व येथे आहो. नाईकाने दिवा मागविला, थरथरत आत आला. फटक्यांच्या जखमा तशाच होत्या. त्या भूकंपाने भरल्या नव्हत्या. रात्रीच्या त्याच घटकेस त्याने त्या दोघांस बाहेर नेऊन आपल्या हातांनी त्यांच्या जखमा धुतल्या, मग घरात नेले, आणि त्यांच्यापुढे ताट वाढिले.